तिसऱ्या गाण्यातली टकटक

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर लिहायला आज बसते आहे, याबद्दल आधीच कान पकडते. फोनवर मी निम्मं बोलते आणि उरलेलं निम्मं फोन ठेवल्यावर आठवतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आपली ही कागदाची वाटच बरी.

माझी प्रकृती ठीक आहे. खोली तीच, तिसऱ्या मजल्यावरची. खिडकीचं निखळलेलं तावदान घरमालकीणबाईंनी अखेर बसवून दिलं, मात्र ते बसवताना जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशा बेताने बसवून घेतलं. पुस्तकं आता भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वाढत आहेत आणि मध्ये मी.

कामाविषयी तू नेहमी विचारतेस आणि मी एका ओळीत उरकते. आज नीट सांगते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची लॅटिन आणि उष्ण प्रदेशांतली नाचगाणी शोधून काढून त्यांच्या रेकॉर्डी पुन्हा काढायच्या, हा आमचा उद्योग. कुंबिया, बोलेरो, बंदरांवरच्या नाचघरांत वाजणारी ट्रम्पेट आणि अकॉर्डियनची गाणी, ज्यांच्या मूळ तबकड्या आता कोणाच्या तरी पलंगाखाली आहेत, नाहीतर भंगारात. सगळा पसारा चार खोल्यांचा आणि चार माणसांचा. एक मालक. दुसरे साच्याच्या तबकडीवर आवाजाचे चर कोरणारे सुईवाले आजोबा. तिसरा वेष्टनं रंगवणारा चित्रकार. तो मला ‘पहिला नंबर’ अशी हाक मारतो, कारण नोकरीच्या अर्जाला मी शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं जोडली होती. आणि चौथी मी. वेष्टनाच्या मागचा मजकूर लिहायचा आणि चाचणीची तबकडी ऐकून तिच्यात दोष आहे का ते सांगायचं, ही माझी कामं. पहिल्या कामात बोलावं लागत नाही आणि दुसऱ्यात नुसतं ऐकावं लागतं. माझ्यासारखीला याहून चांगली जागा मिळाली नसती.

या धंद्यात एका ओळीला फार मान आहे. ती म्हणजे वेष्टनावर छापलेली ‘मूळ फितीवरून’ ही ओळ. त्या काळी ज्या फितीवर गाणं ध्वनिमुद्रित झालं तिच्यावरूनच नवी तबकडी काढली आहे, बाजारातली झिजलेली रेकॉर्ड वाजवून तिची नक्कल केलेली नाही, असा तिचा अर्थ. घेणारे लोक ही ओळ आधी वाचतात आणि गायिकेचं नाव नंतर. गेल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेने ती खोटी छापली आणि ते उघडकीला आलं. तेव्हापासून आमचे मालक स्वतःच्या सावलीलाही दाखला मागतात.

आणि आता आमच्याकडे भावजींची फीत आली आहे. म्हणजे फीत नव्हे, फितीची नक्कल. भावजी गेल्या महिन्यात स्वतः येऊन गेले, हे त्यांनी तुला सांगितलंच असेल. (सांगितलं ना?) एका वयोवृद्ध गायिकाबाईंनी चाळीस वर्षं कपाटाच्या तळाशी जपलेली फीत त्यांनी विश्वासाने भावजींच्या हाती दिली, अशी हकिकत. भावजींची हकिकत म्हणजे तीन वाक्यांत चार दावे, हे आपल्याला नवं नाही. मालकांनी मूळ फीत पाहायला मागितली. भावजी म्हणाले, तिच्यावरचा तपकिरी लेप सुटत चालला आहे, एकदा वाजवून नक्कल करून घेतली तेवढंच तिचं आयुष्य होतं, पुन्हा यंत्रावर चढवली तर भुगा होईल. हे सांगताना त्यांनी कपाखालची बशी दोनदा फिरवली. मी फक्त पाहिलं.

चाचणीच्या दोन तबकड्या सोमवारी आल्या. एक आजोबांच्या कपाटात गेली, एक माझ्याकडे आहे. मी ती एकदा ऐकली. नोंदवहीत ‘निर्दोष’ असं लिहायला हवं होतं. मी ‘आणखी ऐकावे लागेल’ असं लिहिलं.

सहज विचारते. फीत भावजींना नेमकी कधी मिळाली? त्या गायिकाबाईंना तू कधी भेटली आहेस का? नक्कल झाली तेव्हा तू घरात होतीस का? फीत कोणत्या डब्यात असते? डब्यावर काही लिहिलेलं आहे का? रेकॉर्डी वाजवायचं यंत्र अजून माजघरातच आहे का? भावजी ते हल्ली वापरतात का? आणि जुन्या रेकॉर्डींच्या शोधात ते फिरतीवर किती दिवस असतात? वेष्टनाच्या मजकुरासाठी हे तपशील उपयोगी पडतील.

तुझी
धाकटी


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. एका पानाचं. तुझं पत्र एका पानात संपल्याचं मला तरी आठवत नाही.

तू लिहितेस, ‘तुझ्या पत्रात नऊ प्रश्न आहेत आणि त्यांतला एकही माझ्याबद्दल नाही.’ मी मोजून पाहिलं. बरोबर आहे. पण ताई, हे वाक्य तुझं वाटत नाही. मोजण्याची सवय माझी, तुझी नव्हे. शिवाय तू नेहमी काळ्या शाईने लिहितेस आणि हे पत्र निळ्या शाईचं आहे. लिहिताना शेजारी कोणी बसलं होतं का, हे मी विचारत नाही. विचारलं तर तो दहावा प्रश्न होईल.

नवांपैकी तू तीन प्रश्नांची उत्तरं दिलीस. गायिकाबाईंना तू भेटली नाहीस. नक्कल झाली तेव्हा तू बाजारात गेली होतीस. यंत्र माजघरातच आहे. या तीन उत्तरांवरून मला काय वाटलं असेल, याची तुला कल्पना यावी.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते, कारण ते तुला इतर कोणाकडून कळू नये.

मी ती तबकडी अकरा वेळा ऐकली. तिसरं गाणं फार सुंदर आहे. एक संथ बोलेरो, त्यात बाईंचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, आणि मागे कोणीतरी कोंग्याला, म्हणजे त्या उभ्या ढोलाला, बोटांनी नुसतं कुरवाळतं आहे. काही दोष असेल तर अशा शांत गाण्यातच ऐकू येईल, असा माझा कयास होता. म्हणून सुई हाताने उचलून पुन्हा पुन्हा त्याच गाण्याच्या आरंभी ठेवत राहिले. नवव्या खेपेला ऐकू आलं. टक. मग थोड्या वेळाने पुन्हा टक. आणि मग ते सबंध गाणंभर थांबलं नाही.

याचा अर्थ समजावून सांगते, कारण तो सोपा आहे. रेकॉर्डवर ओरखडा असला की प्रत्येक फेरीला सुई त्या ओरखड्यावरून जाते आणि असा आवाज होतो. ठरावीक अंतराने, घड्याळासारखा. फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरळ जाते, तिच्यात अशी टकटक येण्याचं कारणच नाही. मी घड्याळ लावलं. दहा ठोक्यांना अठरा सेकंद. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते, म्हणजे दहा फेऱ्यांना बरोबर अठरा सेकंद. गणित चोख बसतं. आमच्याकडे आलेली नक्कल फितीची नाही. कोणीतरी ओरखडा पडलेली जुनी रेकॉर्ड वाजवली आणि तिच्यावरून उतरवलेलं गाणं ‘फीत’ म्हणून आणून दिलं.

कोणीतरी, असं मी शिष्टाचार म्हणून लिहिलं.

परवा मालकांना सांगितलं. हिशेबाची वही बघावी तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तो तुझा घरचा माणूस ना?”

“हो.”

“आणि तरी तू सांगतेस?”

“तरी सांगते,” मी म्हणाले. ताई, इतक्या ठामपणे मी त्या खोलीत यापूर्वी कधी बोलले नव्हते.

सुईवाल्या आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ते महिनाभर येणार नाहीत. त्यांच्या कपाटात दुसरी तबकडी आणि भावजींनी दिलेली नक्कल दोन्ही आहेत. कपाट उघडून ऐकावं का, असं मालकांनी विचारलं. मी म्हणाले, दोन्ही तबकड्या एकाच साच्यातल्या आणि साचा त्या नकलेचाच, मग वेगळं काय ऐकू येणार. त्यांना ते पटलं. मालकांचा उजवा कान पूर्वीच संपावर गेलेला आहे, त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीत ते माझंच प्रमाण मानतात. आता त्यांना नक्कल नको, मूळ फीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे.

एक काम करशील. माळ्यावर पत्र्याची पेटी आहे, तिच्यात भावजी जुन्या रेकॉर्डी ठेवतात. या गायिकाबाईंची गाणी त्या काळी मोठ्या तबकडीवर कधीच निघाली नाहीत. ती निघाली मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान तबकड्यांवर, एका बाजूला एक गाणं. वहीएवढ्या असतात. तिसऱ्या गाण्याची सापडली तर उजेडात तिरकी धरून बघ, तिच्यावर आडवा ओरखडा असेल. भावजी घरात नसताना बघ आणि त्यांना यातलं काही बोलू नकोस.

मला आनंद होतो आहे असं समजू नकोस. मला फक्त तुझी काळजी आहे. जो माणूस कामात असं करतो तो घरात किती खरं बोलत असेल, हा विचार मनात येतो. उद्या काही झालंच, तर इथे तुझी सोय होईल. खोली लहान आहे, पण पुस्तकांची एक रांग हलवली तर दुसरी खाट बसते. मी मोजून पाहिलं आहे.

तुझी
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा एकदा वाचून काढलं. बदलण्यासारखं काही नाही.


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाच दिवस उशाशी ठेवून आज उत्तर लिहिते आहे.

तू लिहिलंस, ‘चूक कोणाच्याही हातून होते, तू कान देऊन काम केलंस, तुला जे ऐकू आलं ते तू प्रामाणिकपणे सांगितलंस, मनाला लावून घेऊ नकोस.’ भावजींनीही तेच म्हटलं, असं लिहिलंस. ‘पोरीने नाव राखलं, घरचा म्हणून दडपलं नाही,’ असे त्यांचे शब्द. आणि या पत्राचीही शाई निळी होती. आधीच्या पत्राच्या वेळी काळी बाटली संपली होती, एवढं तू शेवटी कंसात लिहिलंस. शाईबद्दलच्या माझ्या त्या दोन ओळींना तू दिलेलं एवढंच उत्तर.

आधी इथली हकिकत सांगते, मग माझी.

सुईवाले आजोबा वीस तारखेला कामावर आले. जाड काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत. मालकांनी त्यांना सगळं सांगितलं. आजोबांनी माझ्याकडची तबकडी मागितली आणि टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरली. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ते एका क्षणात दिसलं. तिसऱ्या गाण्याच्या पट्ट्यावर एक बारीक आडवी रेघ होती, केस चिकटल्यासारखी. मग त्यांनी कपाट उघडून दुसरी तबकडी लावली. तिसरं गाणं वाजलं. बाई गायल्या, बोटं कोंग्यावर फिरली, आणि गाणं संपलं. टक असं कुठेही झालं नाही.

“ओरखडा ह्या तबकडीवर आहे,” आजोबा मला म्हणाले, “गाण्यात नाही. सुई हाताने ठेवत होतीस?”

मी मान डोलावली.

“किती सेकंद मोजलेस?”

“दहा ठोक्यांना अठरा.”

“आणि बाईंची गाणी निघाली होती पंचेचाळीसवर. लहान तबकडी भरभर फिरते. जुन्या रेकॉर्डवरचा ओरखडा असता तर दहा ठोक्यांना तेरा सेकंद लागले असते, फार तर साडेतेरा. अठरा सेकंदांचा ओरखडा आपल्याच मोठ्या तबकडीवरचा. पहिला नंबर ना तू?” चित्रकाराची थट्टेतली हाक त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकली, आणि तिच्यात थट्टा नव्हती. मग त्यांनी चष्मा काढला. “कधी लक्षात आलं?”

“आत्ता,” मी म्हणाले.

ताई, हे ‘आत्ता’ खोटं आहे.

तुला लिहिलेलं चोवीस तारखेचं पत्र पाकिटात घालण्याआधी मी वाचून काढलं, हे खरं आहे. एका परिच्छेदात मी अठरा सेकंद लिहिले होते आणि थोडं खाली पंचेचाळीस फेऱ्या. तुला समजावं म्हणून सोपं करून लिहिलं होतं, आणि सोपं झाल्याबरोबर ते मलाच दिसलं. साठाला पंचेचाळीसने भागायला मला कागद लागत नाही. मी खुर्चीवरून उठले. मग पुन्हा बसले. पहिल्या आठ खेपांना तबकडीत काही नव्हतं आणि नवव्या खेपेला होतं, याचा अर्थही त्याच मिनिटाला कळला. दोष मला सापडला नव्हता. शोधता शोधता तो मीच पाडला होता.

पत्र फाडता आलं असतं. मी खाली ‘बदलण्यासारखं काही नाही’ असं लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. पेटीत टाकायला मुद्दाम पायी गेले, लांबच्या पेटीपर्यंत. वाटेत परतायला पुष्कळ रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगेन, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. चित्रकाराने माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. तिसऱ्या दिवशी वाटलं, कदाचित दुसरीही काही कारणं असतील, भावजी अगदीच निर्मळ कसे असतील. चौथ्या दिवसापासून मी गणिताचा विचार करणंच बंद केलं. मालकांच्या खणात आजोबांच्या कपाटाची किल्ली होती. मागितली असती तर मिळाली असती. मी ती मागितली नाही, कारण आत काय ऐकू येईल ते मला माहीत होतं.

सहा मार्चला मालक तुमच्याकडे यायला निघाले. तुमचा पत्ता त्यांना मी लिहून दिला. गाडी कुठे बदलायची, चौकातून कोणत्या हाताला वळायचं, दारावरची घंटा बिघडलेली असते तेव्हा कडी वाजवायची, हे सगळं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. ते दारात बूट घालत होते आणि मी त्यांची छत्री धरून उभी होते. एक वाक्य पुरे होतं. मी छत्री दिली.

पुढचं मला मालकांनी परत आल्यावर सांगितलं आणि तुझ्या पत्रातून पुन्हा कळलं. भावजी आधी हसले. मग म्हणाले, फीत बघा, डबा बघा, डब्यावर ध्वनिमुद्रकाच्या हातचं लिहिलेलं आहे ते बघा. मालकांनी बघितलं आणि म्हणाले की डब्यावर कोणीही काहीही लिहू शकतो, वाजवून दाखवा. भावजी म्हणाले, वाजवली तर ती मरेल. मालक म्हणाले, तर मग माझ्या वेष्टनावर ती ओळ छापली जाणार नाही, आणि का छापली नाही हे मला विचारणाऱ्याला सांगावं लागेल. तेव्हा भावजी उठून आत गेले आणि फीत वाजवायच्या यंत्रावरचं कापड काढायला लागले. ‘नको,’ तू म्हणालीस. ते म्हणाले, “माझं खोटं असेल तर ऐकू येईल. खरं असेल तरी ऐकू येईल.”

फीत चाकावर तू चढवलीस. पहिलं गाणं स्वच्छ वाजलं. दुसरंही. यंत्राखाली तपकिरी भुकटी साठायला लागली होती आणि तू ती पदराने टिपत होतीस, जणू टिपल्याने काही राहील. तिसऱ्या गाण्यात बाईंचा आवाज बसत गेला, मग कुजबुजीएवढा झाला, मग नुसती पारदर्शक पट्टी फिरत राहिली. मालक मला म्हणाले, इतकं शांत घर मी पाहिलं नाही. त्या बिचाऱ्या माणसाने मला चहा विचारला, म्हणाले.

तू लिहितेस की दुसऱ्या दिवशी भावजी रिकामं चाक घेऊन गायिकाबाईंकडे गेले. फीत त्यांची होती, सांगायला हवंच होतं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “कोणत्या गाण्यावर गेली?” भावजींनी सांगितलं. बाई म्हणाल्या, ते गाणं त्यांच्या नवऱ्याने वाजवलं होतं, कोंग्यावर त्याची बोटं होती. नक्कल आहे, ऐकता येईल, असं भावजी म्हणाले तेव्हा त्यांनी मान डोलावली. पण रिकामं चाक मात्र ठेवून घेतलं.

आणि तू माळ्यावर चढलीस. दोन तास पत्र्याची पेटी उपसलीस आणि लहान तबकडी सापडली नाही. तू लिहिलंस, ‘फितीचं दुःख आहेच, पण ते दोन तास मी त्यांच्यावर संशय घेतला, ते मला जास्त लागलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.’ त्या पत्रातली ही दोन वाक्यं मी सर्वांत जास्त वेळा वाचली. तुला तो संशय मी टपालाने पाठवला होता, आणि तो खोटा आहे हे माहीत असताना पाठवला होता.

का, हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आई गेल्यानंतर माझ्या वह्या तूच तपासायचीस. तू गेल्यावर माझं गणित चुकलं तर सांगणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून मी न चुकण्याची सवय लावून घेतली. सगळे त्याला हुशारी म्हणाले. आणि ज्या माणसाने तुला नेलं तो लबाड आहे, हे कधीतरी सिद्ध होईल, अशी मी अकरा वर्षं वाट पाहिली. त्यांच्या प्रत्येक गोष्टीतला खोटा कोपरा मी शोधत आले. ते बढाईखोर आहेत. लबाड नाहीत. या दोहोंतला फरक मला कळत होता, फक्त मला तो नको होता. ते खोटे ठरले असते तर तू माझ्या खोलीत राहायला आली असतीस. मी तुझी काळजी करत नव्हते, ताई. मी तुझं घर मोडण्याची वाट बघत होते आणि खाटेची लांबी-रुंदी मोजत होते.

काल मी मालकांना सांगितलं. आजोबा आणि चित्रकार दोघांच्या समोर सांगितलं, म्हणजे पुन्हा निम्मं गिळता येऊ नये. चोवीस तारखेपासून माहीत होतं, छत्री दिली तेव्हाही माहीत होतं, असंच सांगितलं. मालक म्हणाले, ऐकण्याचं काम यापुढे तुझ्याकडे नाही. मजकूर लिहायला ठेवलं आहे, ते मी मागितलं नव्हतं. पहिला मजकूर या तबकडीचाच आहे. ‘मूळ फितीवरून’ ही ओळ छापली जाईल. तिच्याखाली ती फीत आता नाही असं असेल, आणि ती एका खोट्या आरोपाच्या पडताळणीत नष्ट झाली असं असेल, आणि आरोप कोणी केला तेही असेल. मालकांना शेवटचा भाग नको होता. आजोबा म्हणाले, राहू दे.

या पत्रात आधी मी लिहिलं होतं की भावजींना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मग ते वाक्य खोडलं. ते ओझंही मी तुझ्याच डोक्यावर ठेवलं असतं. म्हणून हेच सगळं, मी केलेलं काहीही न वगळता, दुसऱ्या पाकिटात त्यांच्या नावाने लिहून ते सकाळी टाकून आले. ते या पत्राच्या आधी पोहोचेल. माळ्याचं त्यात काही नाही, ते सांगणं तुझ्याकडे आहे. पण संशय कोणी पेरला, हे मात्र त्यात स्पष्ट आहे.

तू मला क्षमा केलीस, ती कान चुकल्याबद्दल. माझा कान चुकला, हे खरं आहे, पण तेवढंच असतं तर मी ती दोन्ही हातांनी घेतली असती. जे मी केलं त्याची क्षमा तू अजून केलेली नाहीस, कारण तुला ते माहीतच नव्हतं. ती मी आज मागत नाही. तुझं मंगळवारचं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे. ते एका प्रामाणिक मुलीला लिहिलेलं आहे आणि ती मुलगी इथे राहत नाही. आता सगळं वाचल्यावर तुला जे लिहावंसं वाटेल ते लिही, नाहीतर लिहू नकोस. दोन्ही मला मान्य असेल.

माहीत असून गप्प बसलेली,
तुझी बहीण